दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांच्या तोफा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटिश स्पिटफायर भारी की जर्मन मेसरश्मिट, हा वाद रंगला की गाडी थोड्याच वेळात बंदुकांवर येते. कुणी अमेरिकन मस्टँगच्या सहा ब्राउनिंग मशीनगनांची बाजू घेतो, कुणी जर्मनांच्या तीस मिलिमीटर तोफेचे गोडवे गातो, आणि मग दोन्हीकडून आकडे फेकले जातात. आकडे बहुतेक वेळा बरोबरच असतात, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष चुकतो. त्या आकड्यांचा अर्थ कसा लावायचा, हे या पानावर आहे. विषय १९३९ ते १९४५ या काळातल्या लढाऊ विमानांवर पुढच्या दिशेने पक्क्या बसवलेल्या मशीनगन आणि तोफांचा. रॉकेट, बॉम्ब आणि बॉम्बफेकी विमानांतले फिरते बुरूज इथे धरलेले नाहीत.

थोडक्यात सांगा, सगळ्यांत प्रभावी तोफ कोणती?

समोर काय उडतंय त्यावर ते ठरतं. चार इंजिनांचं बॉम्बफेकी विमान पाडायचं असेल तर जर्मनीच्या एमके १०८ ला तोड नव्हती. वळणं घेत पळणारं फायटर टिपायचं असेल तर माझं मत ब्रिटिश हिस्पानो मार्क ५ ला. वजनाच्या मानाने काम पाहिलं तर सोव्हिएत बी-२० अव्वल. अमेरिकेची पॉइंट फिफ्टी, म्हणजे अर्धा इंच व्यासाची ब्राउनिंग .५० मशीनगन, यांपैकी कुठेच पहिली येत नाही, तरीही युद्धाच्या शेवटी युरोप आणि पॅसिफिक या दोन्ही आघाड्यांवर आकाश तिच्याच ताब्यात होतं. ते कसं, हे खाली येईलच.

माझी कसोटी एकच आहे : विमानाने किती किलोचं ओझं उचललं आणि त्या बदल्यात, साधारण कुवतीच्या वैमानिकाच्या हातून, समोरच्या विशिष्ट विमानाचं किती नुकसान झालं. यातला एकही भाग गाळला की तुलना फसते.

मशीनगन आणि तोफ यांत फरक काय?

ढोबळमानाने नळीचा आतला व्यास २० मिलिमीटर किंवा त्यावर असेल ती तोफ, त्याखालची मशीनगन. खरा फरक पोटातल्या स्फोटकाचा. मशीनगनची गोळी भोक पाडते किंवा आग लावते. तोफेचा गोळा आत शिरून फुटतो. जपानी आणि इटालियन १२.७ मिलिमीटर मशीनगनमध्ये स्फोटक गोळ्याही वापरल्या गेल्या, पण इतक्या लहान गोळीत स्फोटक मावून मावणार किती!

तुलनेसाठी कोणते आकडे पाहायचे?

पाच आकडे हाताशी हवेत : शस्त्राचं वजन, मिनिटाला किती गोळ्या, एका गोळीचं वजन, नळीतून सुटतानाचा वेग आणि पोटातलं स्फोटक. पहिल्या चारांचा तक्ता खाली दिला आहे. आकडे ठोकळ आहेत, कारण एकाच तोफेतून वेगवेगळ्या वजनाचे गोळे सुटत आणि दर तुकडीगणिक थोडा फरक पडे.

| शस्त्र | वजन (किलो) | मिनिटाला गोळ्या | गोळीचं वजन (ग्रॅम) | सुटतानाचा वेग (मीटर/सेकंद) | सेकंदाला फेकलेलं वजन (किलो) |
|---|---|---|---|---|---|
| ब्राउनिंग .३०३ | १० | ११५० | ११ | ७५० | ०.२ |
| ब्राउनिंग .५० | २९ | ८०० | ४५ | ८७० | ०.६ |
| एमजी एफएफ/एम (जर्मन) | २८ | ५३० | ९२ | ७०० | ०.८ |
| टाइप ९९-१ (जपानी) | २४ | ५०० | १२८ | ६०० | १.१ |
| एमजी १५१/२० (जर्मन) | ४२ | ७२० | ९२ | ८०० | १.१ |
| श्व्हाक (सोव्हिएत) | ४२ | ८०० | ९६ | ७८० | १.३ |
| बी-२० | २५ | ८०० | ९६ | ७८० | १.३ |
| हिस्पानो मार्क २ | ५० | ६०० | १३० | ८७० | १.३ |
| हिस्पानो मार्क ५ | ४२ | ७५० | १३० | ८४० | १.६ |
| एमके १०८ | ६० | ६०० | ३३० | ५२० | ३.३ |

शेवटच्या रकान्याला शस्त्राच्या वजनाच्या रकान्याने भागून पाहा. एक किलो .३०३ ब्राउनिंग सेकंदाला जवळपास २१ ग्रॅम फेकते, आणि एक किलो .५० ब्राउनिंगही तेवढंच. म्हणजे १९३० च्या दशकात ब्रिटिश हवाई खात्याने जड मशीनगन बाजूला ठेवून लहान मशीनगनांची रांग लावली, त्यामागे हिशेब होता. हिस्पानो मार्क ५ ला हाच आकडा ३८ च्या आसपास येतो, बी-२० ला ५० च्या पुढे आणि एमके १०८ ला ५५. तोफांकडे सगळं जग का वळलं, ते या एका भागाकारात दिसतं.

वजन आणि वेग मिळून गतिज ऊर्जा येते. तेवढं पाहिलं तर पुरे नाही का?

मशीनगनसाठी पुरे, तोफेसाठी मुळीच नाही. .५० च्या गोळीत सुटताना सुमारे १७ किलोजूल ऊर्जा असते, हिस्पानोच्या गोळ्यात ४९, तर जर्मन एमजी १५१/२० च्या हलक्या गोळ्यात २९ किलोजूल. एवढ्यावर थांबलात तर जर्मन तोफ दुबळी वाटेल. पण त्या ९२ ग्रॅमच्या गोळ्यात १८ ग्रॅमच्या आसपास स्फोटक भरलेलं असे. एक ग्रॅम टीएनटी फुटलं की चार किलोजूलहून अधिक ऊर्जा सुटते, म्हणजे नुसत्या स्फोटातून ७५ किलोजूल. हिस्पानोच्या गोळ्यात स्फोटक साधारण १० ते ११ ग्रॅम.

जर्मनांनी हे कसं साधलं ते पाहण्यासारखं आहे. नेहमीचा स्फोटक गोळा जाड पोलादी सळईतून कातून काढत आणि मधे पोकळी ठेवून त्यात दारू भरत. जर्मनांनी गोळ्याचं कवच काडतुसाच्या नळकांड्यासारखं पत्रा ओढून बनवलं. भिंत पातळ झाली, आत जागा वाढली, गोळा हलका झाला. ‘मिनेनगेशोस’, म्हणजे सुरुंग-गोळा, तो हाच. विमान हे पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं पोकळ शरीर. अशा बंद पोकळीत स्फोट झाला की वाढलेला दाब आतून पत्रा फाडतो, रिव्हेट उखडतो, पंखाची कातडी सोलून काढतो. त्यासाठी कवचाचे जाड तुकडे लागत नाहीत.

अंतराचाही मुद्दा आहे. ३०० मीटरवर पोचेपर्यंत हवेच्या अडथळ्याने गोळीचा वेग घटतो आणि गतिज ऊर्जा झपाट्याने खाली येते. स्फोटक मात्र १०० मीटरवर जेवढं, तेवढंच ५०० मीटरवर. उलट बाजूही सांगायला हवी : पातळ कवचाचा गोळा इंजिनाच्या ओतीव ठोकळ्यावर किंवा चिलखती पत्र्यावर आदळला तर वरच्या वर फुटून जातो. तिथे हिस्पानोचा जड, वेगवान गोळा आरपार जातो. म्हणून जर्मन पट्ट्यांत सुरुंग-गोळ्यांसोबत चिलखतभेदी आणि आग लावणारे गोळेही ओवलेले असत.

ब्रिटनच्या लढाईत (१९४०) ब्रिटिश फायटरांवर असलेल्या आठ .३०३ मशीनगन कुचकामी होत्या का?

नाही, आणि हा आरोप वारंवार होतो म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

१९३४ च्या सुमारास हवाई मंत्रालयातल्या राल्फ सॉर्ली यांनी आग्रह धरला की यापुढे वेग इतका वाढणार आहे की वैमानिकाला नेम धरायला दोनच सेकंद मिळतील, आणि त्या दोन सेकंदांत विमान पाडायचं तर आठ मशीनगन हव्यात. आठ ब्राउनिंग मिळून सेकंदाला दीडशेच्या वर गोळ्या सोडत. नवशिक्या वैमानिकाच्या चुकार नेमातूनही काहीतरी लागणारच, ही त्यामागची भूमिका होती, आणि १९४० च्या उन्हाळ्यात जेमतेम प्रशिक्षण घेऊन आलेल्या पोरांच्या हातात ती उपयोगी पडली. काडतूस आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर कैक दशकं दिसलेल्या थ्री-नॉट-थ्री रायफलीचंच.

अडचण आली ती जर्मनांनी चिलखत आणि स्वतःहून भोक बुजवणाऱ्या इंधन टाक्या बसवल्यावर. हलकी गोळी शेपटीकडून आत शिरली की वाटेतल्या पत्र्यांना आणि बरगड्यांना धडकून आडवी होते. वैमानिकाच्या पाठीमागच्या पत्र्यापर्यंत पोचणाऱ्या गोळ्या थोड्या, आणि तो भेदणाऱ्या त्याहून थोड्या. हाइंकेल १११ ही जर्मन बॉम्बफेकी विमानं शेकडो भोकं घेऊन फ्रान्समधल्या तळावर परतल्याच्या नोंदी त्यामुळेच आहेत.

दोन गोष्टींनी बाजू सावरली. पहिली म्हणजे मेजर डिक्सन यांनी घडवलेली, ‘डी विल्ड’ नावाने ओळखली जाणारी आग लावणारी गोळी. ती लागली की चमक दिसे, त्यामुळे नेम बसल्याचंही वैमानिकाला कळे. दुसरी गोष्ट जुळणीच्या अंतराची, म्हणजे पंखांतल्या बंदुकांचा मारा किती लांब एकत्र आणायचा याची. सुरुवातीला आठही बंदुकांचा मारा ४०० यार्डांवर पसरट पडेल अशी रचना होती. फ्रान्समध्ये लढलेल्या वैमानिकांनी ती बदलून सगळ्या बंदुका २५० यार्डांवर एका ठिकाणी आणल्या. बंदुका त्याच, गोळ्या त्याच, पण जवळून आणि एकवटून बसलेला मारा कितीतरी घातक ठरला. शस्त्राची परिणामकारकता तक्त्याबाहेर किती असते, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

मग हिस्पानो तोफ १९४० मध्येच का बसवली नाही?

बसवली होती. इंग्लंडमधल्या डक्सफर्ड तळावरच्या १९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला त्या उन्हाळ्यात दोन-दोन हिस्पानो असलेल्या स्पिटफायर मिळाल्या. हिस्पानो मुळात इंजिनाच्या जड ठोकळ्यावर घट्ट बसवण्यासाठी बनवलेली तोफ. स्पिटफायरच्या पंखाची जाडी इतकी कमी की ६० गोळ्यांचा ड्रम (गोळ्यांची गोल पेटी) आत मावेना, म्हणून तोफ चक्क आडवी पाडून बसवली. पंख लवचीक, तोफ आडवी, त्यात रिकामी काडतुसं बाहेर न पडता आतच आपटून परत येत आणि तोफ अडकत असे. एका बाजूची अडकली की दुसरीच्या धक्क्याने विमानाचं नाक वळायचं आणि नेम गेलाच. वैतागून स्क्वाड्रनने जुनी आठ मशीनगनची विमानं परत मागितली, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला ती दिली गेली.

पुढे तोफ उभी झाली, ड्रमऐवजी पट्टा आला आणि दोन वर्षांत हिस्पानो ब्रिटिशांचं मुख्य शस्त्र बनली. मार्क ५ मध्ये नळी आखूड करून वजन ५० वरून ४२ किलोवर आणलं आणि मिनिटाला ६०० वरून ७५० गोळ्यांपर्यंत मजल गेली. अशा चार तोफा घेऊन उडणारं ब्रिटिश टेम्पेस्ट फायटर सेकंदाला साडेसहा किलो धातू आणि स्फोटक फेकत होतं. पहिल्या स्पिटफायरच्या जवळपास चौपट!

अमेरिकेने पॉइंट फिफ्टी का सोडली नाही?

सोडायचा विचार होता. अमेरिकन नौदलाच्या मते एक २० मिलिमीटर तोफ तीन पॉइंट फिफ्टींच्या तोडीची होती, आणि वरचा तक्ता त्याला दुजोराच देतो. अमेरिकेने हिस्पानोचा परवाना घेऊन उत्पादनही मोठ्या प्रमाणावर सुरू केलं. पण त्यांच्या तोफेचा चेंबर (काडतूस बसतं तो नळीचा कप्पा) ब्रिटिश तोफेपेक्षा किंचित लांब राहिला. काडतूस आत नीट टेकत नसे, पिनेचा आघात हलका बसे आणि गोळी सुटतच नसे. ब्रिटिशांनी हे दाखवून दिलं तरी दुरुस्ती वेळेवर झाली नाही. नाइलाजाने काडतुसांना मेणासारखं वंगण लावून काम भागवावं लागलं. उंचावरच्या थंडीत तोफा गोठायच्या ते वेगळंच.

दुसरीकडे पॉइंट फिफ्टी भरवशाची होती. कारखाने चालू होते, काडतुसं जगभर पोचत होती, आणि एकच काडतूस फायटर, बॉम्बर, रणगाडा सगळीकडे चाले. त्यातून समोरचं लक्ष्य कोणतं? अमेरिकन फायटरांना अवजड बॉम्बर फारसे भेटलेच नाहीत. त्यांच्यासमोर जर्मन मेसरश्मिट आणि फॉक-वुल्फ, आणि जपानी विमानं होती. जपानी विमानांना बराच काळ ना चिलखत होतं ना भोक बुजवणाऱ्या टाक्या. अशा लक्ष्यावर सहा बंदुकांचा वेगवान, सपाट जाणारा मारा पुरेसा होता. नंतर आलेली एम ८ गोळी चिलखत भेदून आगही लावी, त्याने धार आणखी वाढली.

किंमत मोजली ती वजनात. मस्टँग पी-५१डी मध्ये सहा बंदुका आणि १८८० काडतुसं. बंदुका पावणेदोनशे किलोच्या घरात, काडतुसं त्याहून जड. मर्लिनसारखं इंजिन आणि मुबलक इंधन असलेल्या विमानाला ते ओझं पेललं. छोट्या सोव्हिएत याकला किंवा मेसरश्मिट १०९ ला पेललं नसतं. म्हणून ‘जर्मनांनीही सहा पॉइंट फिफ्टी लावायला हव्या होत्या’ या म्हणण्यात मला अर्थ दिसत नाही.

मस्टँगचीही बसवण्यातली अडचण होती. आधीच्या बी आवृत्तीत चार बंदुका पातळ पंखात तिरक्या बसवल्या होत्या, काडतुसांचा पट्टा वळण घेऊन वर चढे. जोरात वळताना विमानावर दाब आला की पट्टा मुडपे आणि ऐन झुंजीत बंदूक बंद पडे. डी आवृत्तीत त्या सरळ उभ्या केल्या तेव्हा कुठे तक्रारी ओसरल्या.

एमके १०८ चा वेग इतका कमी असूनही ती इतकी नावाजली का जाते?

जर्मनीसमोरचं गणित समजून घेतलं की उत्तर मिळतं. अमेरिकेचं चार इंजिनांचं बी-१७ बॉम्बर मागून पाडायला २० मिलिमीटरचे सरासरी २० गोळे लागतात, असा जर्मनांचा अंदाज होता. साधारण वैमानिकाचे शंभरातले दोनच गोळे लागत. म्हणजे २० गोळे लागण्यासाठी १००० सोडायचे. फॉक-वुल्फ १९० ए-८ मध्ये चार एमजी १५१/२० आणि सगळे मिळून ७८० गोळे. साठा संपेल पण बॉम्बर पडणार नाही! आणि हे सगळं करायचं ते बॉम्बरांच्या थव्यातल्या डझनावारी मशीनगनांच्या तोंडासमोर स्थिर उडत.

एमके १०८ च्या गोळ्यात ७० ग्रॅमच्या वर स्फोटक. तीन-चार गोळे पुरत. तोच दोन टक्के नेम धरला तर २०० गोळे झाले, आणि मेसरश्मिट २६२ या जेट विमानाच्या चार तोफा तेवढे पाच सेकंदांत सोडत. तोफ बनवायलाही सोपी, बराचसा भाग पत्रा दाबून केलेला. एखाद्या शस्त्राने समोर उभ्या राहिलेल्या एकाच प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर दिल्याचं दुसरं उदाहरण या युद्धात क्वचितच सापडेल.

तोटा वेगाचा. हवेचा अडथळा बाजूला ठेवला तरी ३०० मीटर जायला तिच्या गोळ्याला ०.५८ सेकंद लागतात, हिस्पानोच्या गोळ्याला ०.३४. तेवढ्या वेळात तो दीड मीटरहून जास्त खाली येतो, हिस्पानोचा अर्ध्या मीटरच्या आसपास. सेकंदाला १०० मीटर वेगाने आडवं जाणारं फायटर ०.५८ सेकंदात ५८ मीटर पुढे सरकतं. तेवढं पुढे नेम धरणं भल्याभल्यांना जमत नसे. सरळ रेषेत जाणाऱ्या बॉम्बरच्या बाबतीत ही अडचण गौण होती, फायटरच्या बाबतीत मोठी.

तोफा पंखात बऱ्या की नाकात?

नाकात, शक्य असेल तर. पंखातल्या बंदुका आतल्या बाजूला वळवून ठरावीक अंतरावर जुळवाव्या लागतात. त्या अंतराच्या अलीकडे-पलीकडे मारा फाकतो. अमेरिकन लाइटनिंग पी-३८ च्या नाकात एक २० मिलिमीटर तोफ आणि चार पॉइंट फिफ्टी एकत्र होत्या, त्यामुळे वैमानिकाला जुळणीच्या अंतराची चिंताच नव्हती.

या प्रश्नावर जर्मन हवाई दलातले दोन नामांकित वैमानिकही एकमताचे नव्हते. मेसरश्मिट १०९ च्या एफ आवृत्तीत पंखातल्या तोफा काढून इंजिनाच्या मधून, पंख्याच्या (प्रोपेलरच्या) आसातून मारा करणारी एकच तोफ ठेवली. व्हेर्नर म्योल्डर्स यांना ती रचना पसंत होती : हलकं विमान, एकवटलेला मारा. ॲडॉल्फ गालांड यांचा विरोध होता. त्यांचं म्हणणं, अचूक नेमबाजाला एक तोफ पुरेल, पण स्क्वाड्रनमधल्या बाकीच्या पोरांचं काय? मला गालांड यांचं म्हणणं जास्त पटतं. युद्ध मोजक्या नेमबाजांवर चालत नाही.

पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या सुटतात, त्याने काही नुकसान होतं का?

होतं. पातं समोर असताना बंदूक थांबवावी लागते, त्यामुळे माऱ्याचा वेग घटतो. किती घटतो ते बंदुकीवर अवलंबून. पॉइंट फिफ्टीला पात्यांशी घातलेला हा मेळ चांगलाच महाग पडे. एमजी १५१/२० ची काडतुसं विजेच्या ठिणगीने पेटवता येत, त्यामुळे तिचं नुकसान कमी, आणि फॉक-वुल्फच्या पंखांच्या मुळाशी ती त्यामुळेच शोभली.

जपानी झीरो फायटरला दोन तोफा होत्या, तरी तिचा मारा कमजोर का म्हणतात?

सुरुवातीच्या झीरोत प्रत्येक तोफेला ६० गोळे. सात सेकंदांत ड्रम रिकामा. तोफेचा वेग सेकंदाला ६०० मीटर, सोबतच्या ७.७ मिलिमीटर मशीनगनचा त्याहून बराच जास्त. दोन्हींच्या गोळ्या वेगवेगळ्या वाटेने जात. हलक्या विमानांविरुद्ध हे निभावलं. अमेरिकन ग्रमन कंपनीच्या दणकट वाइल्डकॅट आणि हेलकॅटपुढे ७.७ च्या गोळ्यांचा फारसा उपयोग नव्हता. नंतरच्या टाइप ९९-२ मध्ये वेग ७५० वर गेला आणि गोळेही वाढले, पण तोवर विमानच मागे पडलं होतं.

सोव्हिएत तोफांबद्दल फारसं बोललं जात नाही. त्या कशा होत्या?

उत्तम, आणि त्यांना मिळायला हवं तेवढं श्रेय मिळालेलं नाही. श्व्हाक युद्धाआधीच तयार होती, तिचा माऱ्याचा वेग भरपूर, आणि ला-५ या फायटरवर ती जोडीने पंख्याच्या पात्यांमधून मारा करे. गोळ्यातलं स्फोटक कमी, हा तिचा उणेपणा. १९४४ मध्ये आलेली बेरेझिनची बी-२० तेच काडतूस वापरून २५ किलोत काम करू लागली, म्हणजे पॉइंट फिफ्टीपेक्षाही हलकी, आणि ती २० मिलिमीटर तोफ! बेरेझिनचीच १२.७ मिलिमीटर यूबी ही त्या वर्गातली सर्वांत चांगली मशीनगन, असं माझं ठाम मत आहे.

सोव्हिएत विचार साधा होता. झुंजी खालच्या उंचीवर, जवळून होत. विमान हलकं ठेवायचं, एक-दोन तोफा नाकाजवळ ठेवायच्या आणि अगदी जवळ जाऊन मारायचं.

३७ मिलिमीटर तोफ असती तर एकाच गोळ्यात काम झालं असतं ना?

गोळा लागला तर. अमेरिकन एअराकोब्राची ३७ मिलिमीटर तोफ मिनिटाला १५० च्या आसपास गोळे सोडी, साठा ३०. सेकंदाला अडीच गोळ्यांत हलतं लक्ष्य निसटून जातं. सोव्हिएत याक-९टी ची तोफ अधिक चांगली होती आणि कसलेल्या वैमानिकांनी ती जपून, दोन-तीन गोळ्यांच्या टप्प्याने वापरली. सरसकट सगळ्यांच्या हातात द्यायचं शस्त्र ते नव्हे.

एका उड्डाणात किती वेळ गोळीबार करता येई?

लोकांना वाटतं त्याहून फारच कमी. पहिल्या स्पिटफायरला बंदुकीमागे ३०० गोळ्या, म्हणजे १५ सेकंद. ड्रमवाल्या हिस्पानोला ६ सेकंद. मेसरश्मिट १०९ एफ-४ च्या तोफेला २०० गोळे, १६-१७ सेकंद. के-४ मधल्या एमके १०८ ला ६५ गोळे, साडेसहा सेकंद. मस्टँगच्या आतल्या दोन बंदुका मात्र अर्धा मिनिट चालत. पुन्हा पुन्हा लक्ष्यावर जायचं, नंतर जमिनीवरच्या रेल्वे इंजिनांवरही मारा करायचा, अशा कामाला हा साठा मोलाचा होता.

स्पिटफायरच्या बंदुकांच्या तोंडांवर उड्डाणाआधी लाल रंगाच्या कापडी पट्ट्या चिकटवत, थंडी आणि ओल आत जाऊ नये म्हणून. पहिल्या फैरीत त्या फाटत. परतणारं विमान उघड्या तोंडांतून शीळ घालत आलं की खाली थांबलेल्या मेकॅनिकांना ते उतरण्याआधीच कळे की लढाई झाली आहे, आणि ते काडतुसांच्या पेट्या घेऊन धावत.

तोफ महत्त्वाची की वैमानिक?

वैमानिक, आणि त्याला मदत करणारं नेमयंत्र. बहुतेक जण फार लांबून गोळीबार सुरू करत. ३०० यार्ड समजून ६०० यार्डांवरून सुटलेल्या गोळ्या वाया जात. जर्मन वैमानिक एरिक हार्टमन यांची ख्याती समोरच्या काचेत शत्रूचं विमान मावेनासं होईपर्यंत थांबण्याची होती. त्या अंतरावर कुठलीही तोफ प्रभावी ठरते.

१९४४ मध्ये ब्रिटिशांचं जायरो (फिरत्या चक्रावर चालणारं) नेमयंत्र मोठ्या संख्येने आलं. किती पुढे नेम धरायचा ते यंत्रच दाखवू लागलं, आणि झुंजीतल्या यशाचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. एकही तोफ न बदलता! अमेरिकनांनी तेच के-१४ या नावाने मस्टँगमध्ये बसवलं. युद्धाच्या शेवटच्या वर्षातल्या विमानांची तुलना करताना नेमयंत्र विसरलं तर सगळा हिशेब कोलमडतो.

कॉम्प्युटर गेममधले आकडे खरे धरावेत का?

माऱ्याचा वेग आणि गोळ्यांची संख्या बहुधा ठीक असते. नुकसानीचं गणित मात्र खेळ रंगावा म्हणून बसवलेलं असतं. शिवाय गेममध्ये तोफ गोठत नाही, पट्टा मुडपत नाही आणि खेळणाऱ्याने हजारो तास नेमबाजी केलेली असते. १९४४ मधल्या वीस वर्षांच्या मुलाला ती चैन नव्हती.

या तोफांचा भारताशी काही संबंध आला का?

चांगलाच. १९४४ मध्ये इंफाळच्या वेढ्यात अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली १ क्रमांकाची स्क्वाड्रन हरिकेनवर लढली. चार हिस्पानो असलेली हरिकेनची टू-सी आवृत्तीही भारतीय स्क्वाड्रनांनी वापरली. १९४७-४८ मध्ये काश्मीरमध्ये उडालेल्या टेम्पेस्टवर हिस्पानो मार्क ५ होत्या, आणि पुढे व्हॅम्पायर जेटवरही त्याच.

१९६५ च्या युद्धात महायुद्धातली ही वंशावळ समोरासमोर आली. पाकिस्तानच्या सेबर विमानांवर ब्राउनिंगचीच सुधारित, वेगवान आवृत्ती, सहा-सहा. १ सप्टेंबरला छांबवर गेलेली चार व्हॅम्पायर पडली, ती विमान जुनं आणि संथ म्हणून. तोफांचा त्यात दोष नव्हता. आपल्या हंटर आणि नॅटवर ३० मिलिमीटर एडन, मिस्टेअरवर ३० मिलिमीटर डेफा. या दोन्ही तोफा जर्मन माउझरच्या एमजी २१३सी या युद्धाच्या शेवटी अर्धवट राहिलेल्या रिव्हॉल्व्हर (फिरत्या कप्प्यांच्या) तोफेवरून घडवलेल्या. ७ सप्टेंबरला पाकिस्तानच्या सरगोधा हवाई तळावरच्या हल्ल्यात स्क्वाड्रन लीडर देवय्या यांनी त्या मिस्टेअरमधूनच आवाजाच्या दुप्पट वेगाच्या पाकिस्तानी स्टारफायटरला पाडलं.

आणि नाशिकजवळ ओझरला बांधलेल्या मिग-२१एफएल चं पाहा. या विमानात आतली तोफ नव्हती, म्हणून पोटाखाली जीपी-९ हा डबा टांगून त्यात जीएसएच-२३ ही जोडनळीची तोफ बसवली. ती वापरते ते २३ मिलिमीटरचं काडतूस सोव्हिएत अभियंत्यांनी १९४४ च्या एनएस-२३ तोफेसाठी, १४.५ मिलिमीटर रणगाडाविरोधी काडतुसाचं तोंड रुंद करून तयार केलं होतं. १२ डिसेंबर १९७१ ला कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनी यांनी मिग-२१ मधून स्टारफायटर पाडलं, ते याच तोफेने.